किमान मजकुराच्या पुस्तिका : संगणक-मार्गदर्शनातील एका वादाचा आढावा

संगणकप्रणाली किंवा मोबाइलवरचे ॲप कसे वापरावे हे सांगणारी पुस्तिका जितकी सविस्तर तितकी उपयोगी, असे बराच काळ मानले जात होते. १९८० च्या दशकात हे मत तपासायला सुरुवात झाली, आणि नवशिक्याला मजकुराचा भारच नडतो असे म्हणणारी एक विचारसरणी उभी राहिली. तिला किमानवादी पद्धत म्हणतात. वापरणाऱ्याला लवकरात लवकर खऱ्या कामाला लावणे, त्याच्या आड येणारा मजकूर काढून टाकणे आणि चूक झाल्यावर सावरण्याची वाट दाखवणे, एवढे तिचे सार आहे. ही पद्धत कोठून आली, तिच्या बाजूने व विरुद्ध काय पुरावा आहे, आणि महाराष्ट्रात, विशेषतः सोलापूरसारख्या जिल्ह्यात, ती कितपत लागू पडते, याचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी

टंकलेखन यंत्राची जागा शब्दसंस्करण यंत्राने घेतली तेव्हा कार्यालयांपुढे एक नवी अडचण आली. यंत्र वापरणारी व्यक्ती संगणकतज्ज्ञ नव्हती, टंकलेखक किंवा सचिव होती. आयबीएमने १९८० मध्ये डिस्प्लेरायटर हे यंत्र बाजारात आणले. त्यासोबत स्वतः वाचून शिकण्याच्या पुस्तिका असत. त्या त्या काळच्या अध्यापनशास्त्राप्रमाणे रचलेल्या होत्या : आधी उद्दिष्टे, मग प्रस्तावना, मग लहान लहान घटक, प्रत्येकाखाली सराव आणि शेवटी उजळणी. रॉबर्ट गान्ये यांच्यासारख्या अभ्यासकांनी घडवलेली ही शिस्तबद्ध परंपरा लष्करी व औद्योगिक प्रशिक्षणात रुळलेली होती. ती चुकीची आहे असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथे आयबीएमचे वॉटसन संशोधन केंद्र आहे. तेथे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष शिकणाऱ्यांना यंत्रापुढे बसवले, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले आणि काय घडते ते टिपले. शिकणारे प्रस्तावना वाचत नव्हते. पायऱ्या क्रमाने पाळत नव्हते. मध्येच एखादा शब्द दिसला की तो करून बघत, त्यातून भलत्याच स्थितीत अडकत, आणि ती स्थिती पुस्तिकेत कोठेच नसल्यामुळे पुढचे प्रत्येक पाऊल आणखी चुकत जाई. हा आळशीपणा नव्हता. त्या माणसांना पत्र टंकायचे होते, पुस्तिका पूर्ण करायची नव्हती.

कॅरल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्ये या वर्तनाला ‘सक्रिय वापरकर्त्याचा विरोधाभास’ असे नाव दिले. माणसाला काम उरकायचे असते, म्हणून तो शिकायला वेळ देत नाही, आणि शिकला नाही म्हणून त्याचे काम पुढेही सावकाशच होते. शिवाय नव्या यंत्राला तो जुन्या यंत्राच्या ओळखीनेच समजून घेतो. टंकयंत्रावर हात बसलेल्याला रिकामी ओळ हा नुसता कोरा कागद वाटतो, तिथेही एक अक्षर साठवलेले आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

या निरीक्षणांवरून काही प्रयोग झाले. एकात यंत्राचेच प्रगत पर्याय बंद ठेवले गेले. शिकणाऱ्याने ते निवडले तर ‘ही सोय सध्या उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येई आणि नुकसान काहीच होत नसे. दुसऱ्यात पुस्तिकेऐवजी सुटी कार्डे दिली गेली. प्रत्येक कार्डावर एक काम, काही सूचक इशारे, ठीक चालले आहे हे ओळखण्याची खूण आणि बिघडल्यास करायचा उपाय एवढेच असे. तिसरा प्रयोग म्हणजे ‘किमान पुस्तिका’. ती वापरणारे मूळ पुस्तिका वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी वेळात प्राथमिक कामे शिकले. हे सारे कॅरल यांनी १९९० च्या ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या पुस्तकात एकत्र मांडले. सतराव्या शतकात न्यूर्नबर्गचे कवी हार्सडॉर्फर यांनी काव्यकला नरसाळ्याने ओतावी तशी डोक्यात उतरवून देण्याचा दावा करणारा ग्रंथ लिहिला होता. पुस्तकाचे नाव त्या कल्पनेवरून, आणि ती खोडून काढण्यासाठी, घेतलेले आहे.

चार तत्त्वे

पुढे नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठाचे हान्स व्हॅन डर मे यांनी कॅरल यांच्यासोबत १९९५ मध्ये ही पद्धत चार तत्त्वांत बसवली. सूचना कृतीवर भर देणाऱ्या असाव्यात. साधन वापरणाऱ्याच्या खऱ्या कामाशी जोडलेले असावे. चूक ओळखणे आणि सावरणे याला पुस्तिकेने आधार द्यावा. आणि वाचणारा करण्यासाठी, अभ्यासण्यासाठी किंवा नेमके काही शोधण्यासाठी वाचतो, या तिन्ही वाचनांची सोय असावी.

चारही तत्त्वांत ‘कमी लिहा’ हे तत्त्व नाही, याकडे नेहमी दुर्लक्ष होते. थोडक्यात लिहिणे हा या पद्धतीचा परिणाम आहे. तिसऱ्या तत्त्वामुळे तर मजकूर वाढतो : व्हॅन डर मे आणि आर्ड लाझोंडर यांनी तयार केलेल्या पुस्तिकांत चुकांविषयीच्या सूचनांना मोठी जागा होती. चूक कोठे होईल, ती झाली हे कसे कळेल, मागे कसे फिरावे, हे सगळे ज्या पायरीवर चूक होते त्याच पायरीला जोडून दिलेले असे. शेवटच्या पानावर ‘समस्या व उपाय’ असा गठ्ठा बांधण्याची रीत त्यांनी टाळली.

मराठी टंकलेखनातले एक उदाहरण यासाठी जवळून पाहता येईल. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘दऱ्या’ लिहिणाऱ्या नवशिक्याच्या हातून बहुतेक वेळा ‘दर्या’ उमटते, आणि डोंगरदऱ्यांचा समुद्र होतो. कारण तो साधा र, हलन्त आणि य अशा कळा दाबतो, ज्यातून रफार तयार होतो. हव्या त्या अक्षरासाठी शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यावा लागतो, मग डी या कळीवरचा हलन्त, मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. पारंपरिक पुस्तिका आधी संपूर्ण कळफलकाचा तक्ता देते, मग जोडाक्षरांचे नियम, आणि हा अपवाद तक्त्याच्या एका कोपऱ्यात बसवते. किमानवादी पुस्तिका पहिल्याच सरावात असा शब्द मुद्दाम घालते आणि त्याच्याच खाली लिहिते : रफार आला असेल तर तीन वेळा मागे या, शिफ्टसह जे दाबा. दोन्हींतली माहिती एकच आहे. फरक आहे तो ती कोणत्या क्षणी भेटते यात.

पुरावा आणि आक्षेप

लाझोंडर आणि व्हॅन डर मे यांनी १९९३ मध्ये ‘कमी म्हणजे खरोखरच जास्त का?’ अशा आशयाच्या शीर्षकाखाली किमान पुस्तिकेची स्वतंत्र चाचणी प्रसिद्ध केली. निष्कर्ष पद्धतीच्या बाजूचे होते. चुकांविषयीची माहिती दिल्याने शिकणारे आपल्या चुका अधिक चांगल्या दुरुस्त करतात, हेही त्यांच्या पुढच्या कामात दिसले.

आक्षेप मात्र पहिल्यापासून आहेत आणि ते हलके नाहीत. डेव्हिड फार्कस आणि थॉमस विल्यम्स यांनी १९९० मध्येच कॅरल यांच्या पुस्तकाची चिकित्सा करून या पद्धतीच्या मर्यादा मांडल्या. डेव्हिडा चार्नी, लिन रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम अधिक बारकाईचे आहे. त्यांच्या अभ्यासांनुसार जादा मजकूर सरसकट निरुपयोगी नसतो. आज्ञा नेमकी कशी द्यायची हे दाखवणारी उदाहरणे उपयोगी पडतात, तर त्यामागच्या संकल्पनांचा विस्तार तितका पडत नाही. १९९० च्या त्यांच्या प्रयोगात, स्वतःच ध्येय ठरवून मोकळेपणी शोध घेणाऱ्यांपेक्षा नेमून दिलेले प्रश्न सोडवणारे पुढे राहिले. ‘करून बघा’ एवढे सांगितले की माणूस आपोआप शिकतो, या उत्साहाला येथे लगाम बसतो.

आणखी एक टीका वारंवार या वादात ओढली जाते. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये अल्पमार्गदर्शनाच्या अध्यापनावर कडक टीका केली. तिचा रोख शोधपर आणि समस्याधारित शिक्षणावर होता. कॅरल यांची कार्डे आणि पुस्तिका मार्गदर्शन कमी करत नाहीत, शब्द कमी करतात. दोन्ही वाद एकच समजणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

१९९८ मध्ये एमआयटी प्रेसने काढलेल्या संग्रहात समर्थक व टीकाकार एकत्र आले. त्यातील बार्बरा मिरेल यांचा मुद्दा सर्वांत टिकाऊ ठरला आहे. पत्र टंकणे, फाइल जतन करणे अशा ठरावीक कामांसाठी ही पद्धत बसते. पण ज्या कामात पुढची पायरी हाती आलेल्या माहितीवर अवलंबून असते, तिथे पायऱ्या लिहून देणेच शक्य नसते. जॅनिस रेडिश यांनी त्याच संग्रहात व्यवहारातल्या अडचणी मांडल्या : वाचक एक नसतो, आणि कोणासाठी काय गाळायचे हे लेखकाला आधी ठाऊक असावे लागते.

उद्योगाने काय उचलले

उद्योगाने या विचारातला जो भाग सोयीचा होता तो उचलला. पुस्तिका सलग न लिहिता कृती, संकल्पना आणि संदर्भ अशा सुट्या घटकांत लिहिण्याची डिटा ही रचना आयबीएममध्येच जन्मली आणि २००५ मध्ये ओएसिस संस्थेचे प्रमाणक झाली. जोॲन हॅकोस यांच्यासारख्या सल्लागारांनी तिला किमानवादाची जोड दिली. यामागे खर्चाचे गणितही होते. एक पान दहा भाषांत न्यायचे तर गाळलेल्या प्रत्येक परिच्छेदामागे दहा भाषांतरे वाचतात.

हे गणित सोलापूरला चटकन पटावे. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी आहेत. चादर आणि टॉवेलच्या धंद्यात मालक, मुनीम आणि कामगार यांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या असणे नवलाचे नाही. चार भाषांत पुस्तिका छापायची तर ती लहान असणेच परवडते. पण पैसे वाचवण्यासाठी कापलेली पुस्तिका आणि वापरणाऱ्याला पाहून कापलेली पुस्तिका या दोन गोष्टी आहेत. पहिलीत सर्वांत आधी कात्री लागते ती चुकांच्या सूचनांना, म्हणजे नेमक्या त्याच भागाला जो कॅरल यांनी वाढवला होता.

महाराष्ट्रातील तीन उदाहरणे

कॅरल यांच्या सचिवांना पत्र कसे लिहायचे हे आधीच येत होते. नवे होते ते यंत्र. किमानवादाचे यश या परिस्थितीवर उभे आहे, आणि महाराष्ट्रातील उदाहरणे याच कसोटीवर पाहिली तर वादाचा उलगडा बराच होतो.

मार्केट यार्डातला मुनीम टॅली शिकतो तेव्हा परिस्थिती जवळपास तीच असते. नावे-जमा त्याला तोंडपाठ असते. एफ५ म्हणजे पैसे दिले, एफ६ म्हणजे आले, एफ८ विक्री, एफ९ खरेदी, एवढे लिहिलेला कागद पडद्याशेजारी चिकटवला की त्याचे काम सुरू होते. त्याच्यापुढे लेखाशास्त्राचे प्रकरण ठेवणे निव्वळ अडथळा ठरेल.

एमएस-सीआयटीचे तसे नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, २००१ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. प्रमाणपत्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे असते आणि अनेक शासकीय पदांसाठी ते लागते. गावोगावच्या अधिकृत केंद्रांतून एका अख्ख्या पिढीने संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो याच निमित्ताने. पण बार्शी किंवा अक्कलकोटच्या केंद्रात बसलेल्या तरुणाच्या हाती त्या क्षणी संगणकावर करायचे स्वतःचे काम नसते. त्याचे काम परीक्षा उत्तीर्ण होणे हे असते. साधन खऱ्या कामाला जोडा, हे दुसरे तत्त्व इथे अडते, कारण जोडायला कामच हजर नाही. अशा वेळी काम रचून द्यावे लागते : अर्ज, जमाखर्चाचा तक्ता, लग्नपत्रिका. क्रमवार अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक आणि बाजूला उभा असलेला शिक्षक, ही शिस्तबद्ध परंपरेची साधने इथे तग धरून आहेत ती सवयीने नव्हे. चार्नी आणि रीडर यांचे निष्कर्षही नेमून दिलेल्या प्रश्नांच्याच बाजूचे आहेत.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद तलाठ्याने करायची ती शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, अशी ही योजना. महसूल विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, खातेदार शोधायचा, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख भरायची, आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. मार्गदर्शनासाठी पडद्यांच्या चित्रांसह पुस्तिका आणि चित्रफिती निघाल्या.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरलेल्या शेतकऱ्याला यातले पीक, हंगाम, गट सगळे ठाऊक आहे. तो त्या सचिवाच्याच जागी आहे. अडखळतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण क्षेत्राचे. बोलताना तो एकर-गुंठ्यात बोलतो, ॲपला हेक्टर-आर लागते. ‘अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर, एक एकर म्हणजे सुमारे ४० आर’ ही एक ओळ त्या पडद्याशेजारी असेल तर अर्धी पुस्तिका नसली तरी चालेल. दुसरे ठिकाण मिश्र पिकाचे. ज्वारीत करडईचे पाटे असतील तर पीक निर्भेळ लावायचे की मिश्र, आणि मिश्र लावले तर क्षेत्र कसे विभागायचे? या प्रश्नाचे उत्तर पायऱ्यांत मावत नाही. मिरेल यांचा आक्षेप इथे शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो.

२०२२ च्या सुधारित आवृत्तीत ॲपमध्येच मदतीचे बटण आले आणि नोंद केल्यानंतर ४८ तासांपर्यंत दुरुस्तीची मुभा मिळाली. पुस्तिका सुधारण्यापेक्षा चूक परत घेता येईल अशी सोय प्रणालीतच करणे, ही कॅरल यांच्या पर्याय बंद ठेवण्याच्या प्रयोगाशी नाते सांगणारी वाट आहे. बऱ्याचदा चांगल्या सूचनेपेक्षा ती अधिक कामाची ठरते.

मजकूर थरांत लावण्याचा प्रयोगही सोलापूर जिल्ह्यातच झाला, जरी तो संगणक-पुस्तिकेचा नव्हता. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापले जाऊ लागले आणि २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. छापील पान लहान ठेवायचे, ज्याला हवे त्याने कोड उघडून ध्वनी, चित्रफीत किंवा सराव घ्यायचा. करण्यासाठी, अभ्यासासाठी आणि शोधण्यासाठी वाचणाऱ्यांची एकाच पानावर सोय लावण्याचे चौथे तत्त्व यातून साधते. अर्थात हातात मोबाइल आणि त्याला रेंज असेल तर.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न वापरणारा कोण हा आहे. सगळी चर्चा यंत्रापुढे एकटा बसलेला माणूस गृहीत धरते. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि पुढे राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायकही आले. भावकीतला कॉलेजात जाणारा पोरगा दहा जणांची नोंद करून देतो. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात अर्जदार बाकावर असतो आणि माउस चालकाच्या हातात. पुस्तिका चालकासाठी लिहावी तर ती संदर्भपुस्तक होते. अर्जदारासाठी लिहावी तर तिने पडद्यावरच्या पायऱ्या सोडून द्याव्यात आणि सोबत कोणते कागद न्यायचे, पावतीवर काय तपासून घ्यायचे, हे सांगावे. ॲप एक, कामे दोन, हे मान्य करून लिहिलेल्या पुस्तिका विरळा आहेत.

दुसरा प्रश्न परत न घेता येणाऱ्या चुकांचा. शब्दसंस्करणात ‘करून बघा’ म्हणता येते, बिघडले तर कागद पुन्हा टंकता येतो. यूपीआयवर तसे म्हणता येत नाही. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे वाक्य कोणत्याही पायरीत बसत नाही. ती एक संकल्पना आहे, आणि किमानवादी कात्री नेमकी अशाच वाक्यांवर चालते. तरीही फसवणुकीपासून वाचवते ते हेच वाक्य. कोणत्या संकल्पना गाळायच्या नाहीत याचा निकष या परंपरेने स्पष्टपणे दिलेला नाही. धोका जिथे मोठा तिथे आधी समज आणि मग कृती, असा उलटा क्रम काही अभ्यासक सुचवतात. पण धोका मोठा कधी म्हणायचा, यावर त्यांचेही एकमत नाही.

तिसरा प्रश्न टिकण्याचा. बहुतेक प्रयोग थोड्या काळाचे होते आणि इंग्रजी किंवा डच वाचणाऱ्यांवर झालेले होते. पहिल्या दिवशी लवकर काम जमले म्हणजे नवी आवृत्ती आली तरी जमेल असे नाही. ॲपची आवृत्ती दर हंगामात बदलते तेव्हा पायऱ्या पाठ असलेला वापरकर्ता पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, तर नोंद आधी फोनमध्ये साठते आणि रेंज मिळाल्यावर वर जाते हे ज्याला कळले आहे, तो बटणाची जागा बदलली तरी हरवत नाही. इथे शिस्तबद्ध परंपरेचे म्हणणे अजून खोडले गेलेले नाही.

माध्यम बदलल्याने काही जुने प्रश्न नव्या रूपात आले आहेत. व्हॅन डर मे यांनी २०१३ मध्ये प्रणाली शिकवणाऱ्या चित्रफितींसाठी आठ मार्गदर्शक सूचना मांडल्या, त्यांत किमानवादाचा ठसा दिसतो. गावात आता पुस्तिकेपेक्षा व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रफीतच आधी पोचते. ती पायऱ्या छान दाखवते, पण चूक झाल्यावर नेमक्या त्या जागी नेत नाही. प्रश्न विचारला की उत्तर देणारे संवादी सहायक ती उणीव भरून काढू पाहतात. ते मागितले तेवढेच सांगतात, म्हणून वरवर पाहता किमानवादी वाटतात. मात्र त्यासाठी काय विचारायचे हे वापरणाऱ्याला आधी सुचावे लागते, आणि यॉर्कटाउनच्या प्रयोगांत भलत्या स्थितीत अडकलेल्या सचिवांना नेमके तेच सुचत नव्हते.